मोटरभाऊ

१५ जानेवारी २०२६ पर्यंत मी त्याला ‘अरे मोटरवाल्या’ म्हणत होतो. १६ तारखेला महापालिकेचा निकाल लागला, गल्लीत गुलाल उडाला, जेसीबीच्या तोंडातून त्याच्या डोक्यावर झेंडूची फुलं पडली. आणि समोरच्या घरातल्या ज्या गुरुजींनी त्याला सातवीत दोनदा बाकावर उभं केलं होतं, ते स्वतःच ‘या भाऊ’ म्हणत खुर्चीतून उठले. तेव्हापासून तो मोटरभाऊ. तोंडावर मीही अहोजाहो करतो, पण लिहिताना जुनी सवय सुटत नाही.

गावाचं नाव विचारू नका. वाघूर धरणाचं पाणी पीत असाल तर जळगाव समजा. तापीच्या योजनेचं नाहीतर नकाणे तलावाचं पीत असाल तर धुळं समजा. हा माणूस पिंप्राळ्यात भेटतो तसाच देवपुरातही भेटतो. दोन्ही शहरांत २०१८ नंतर महापालिकेची निवडणूक झाली ती एकदम या वर्षी, मधली दोन वर्षं प्रशासकाची. आता प्रशासकाला लग्नपत्रिका देता येत नाही, दहाव्याला बोलावता येत नाही, रात्री साडेअकराला फोन करून ‘आमच्या दारात कुत्रं रडतंय’ असं सांगता येत नाही. दोन वर्षांची ही साचलेली भूक लोकांनी आमच्या मोटरभाऊवर भागवली.

त्याचं रिवायंडिंगचं दुकान. जळालेली मोटर नेली की म्हणायचा ‘उद्या’. उद्या गेलं की तार संपलेली. परवा गेलं की तार आहे, पण वॉर्निश वाळायचंय. तरीही प्रभागात अशी एक मोटर दाखवा, जी त्याच्या हाताखालून गेली नाही. हेच त्याचं भांडवल होतं. हेच त्याचं दुखणं कसं झालं, ते पुढे येईलच.

मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे खानदेशात ऐन भरताच्या हंगामात. शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, बडजीत ठेचायची, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर उमेदवारही गिळायचा. मोटरभाऊने किती मण वांगी भाजली आणि निवडणूक खर्चाच्या कोणत्या रकान्यात घातली, ते त्याचं त्याला ठाऊक. भाषण मात्र एकाच वाक्याचं होतं: ‘शेवटच्या घरापर्यंत पाणी!’ आमच्या गल्लीत शेवटचं घर खरोखरच आहे. तिथे एक आजी राहतात आणि त्यांना भाषणं लक्षात राहतात.

निवडून आल्यावर पहिलं दुःख त्याला हे कळलं की तो एकटा नाही. एका प्रभागाला चार नगरसेवक. गटारीवरचं फुटलेलं झाकण बदललं की फलकावर चार फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर चार अभिनंदनं आणि झाकणाशेजारी चार नारळांच्या शेंड्या. चारांत दोन बाया आहेत. एकीचा फोन तिचे मिस्टर उचलतात, सभेतही तिच्या आधी तेच घसा खाकरतात. दुसरी मात्र स्वतःच्या स्कूटीवर फिरते आणि कुठल्या चौकात किती इंची पाइप गेलाय ते तोंडपाठ सांगते. मोटरभाऊ तिला मनातून घाबरतो. परवा तिने त्याने बसवलेल्या सिमेंटच्या बाकड्यासमोर स्वतःचं बाकडं टाकलं. आता दोन्ही बाकड्यांवर म्हातारे समोरासमोर बसतात आणि कुणाचं सिमेंट जास्त तापतं यावर बोलतात.

दुसरं दुःख महासभेत कळलं. हा गेला होता हुकूम सोडायला. तिथे कुणीतरी समजावलं की १९४९च्या महापालिका अधिनियमाप्रमाणे नगरसेवकाने मागायचं, बोलायचं, ठरावाला हात वर करायचा. अंमल करायचा तो आयुक्तांनी. घरी येऊन ओट्यावर बसला आणि मला म्हणाला, ‘काका, मोटर माझ्या दारात, स्टार्टर दुसऱ्याच्या घरात.’ राज्यशास्त्राच्या एम.ए.ला मला हे इतकं स्वच्छ कुणी शिकवलं नव्हतं.

मग हाती काय उरलं? गतिरोधक आणि हजेरी. तुम्ही धुळं समजून वाचत असाल तर १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने तिथे सरळ रेषेत पेठ आणि रस्ते आखले, हे ऐकून असाल. त्या सरळपणावर गेली काही वर्षं आमचे भाऊलोक आडव्या रेषा ओढताहेत. ज्याच्या दारात गतिरोधक, तो नगरसेवकाचा खास माणूस. आमच्या गल्लीत आता चार आहेत. पोट सुटलेल्या माणसाने रिक्षातून जाऊ नये.

हजेरीचं तर काय सांगू! मे महिन्यातली दाट तिथी, बाहेर चव्वेचाळीस अंश, आणि भाऊच्या खिशात चौदा पत्रिका. प्रत्येक मांडवात माइकवर नाव पुकारायचं, टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायचा, फोटो घ्यायचा. घरात टॉवेलांचा ढीग लागलाय. वहिनींनी निम्मे दुकानात ग्रीस पुसायला पाठवले. नारळांची चटणी, नारळाच्या वड्या, नारळाचं वरण झालं. आता पोरं नारळ बघितला की जेवत नाहीत.

लग्नाहून अवघड दुखवट्याचं द्वारदर्शन. चेहरा बदलायला दोन मांडवांत अंतर फार कमी असतं. एकदा एकाच आडनावाच्या दोन घरांत त्याची गफलत झाली. दवाखान्यातून बरे होऊन आलेल्या एका आजोबांच्या घरी हा खाली मान घालून सतरंजीवर बसला. पाच मिनिटं गप्प. मग म्हणाला, ‘फार मोठा आधार गेला.’ पाण्याचा तांब्या घेऊन आजोबाच पुढे उभे होते. ‘कोणाचा रे?’ त्यांनी विचारलं. तरी मत पक्कं आहे त्यांचं. म्हणतात, ‘बाकीचे तिघं तर आलेही नाहीत.’

आणि श्रावण अजून पुढे आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल, तिचा रोट फक्त भाऊबंदकीने खायचा असतो. मोटरभाऊला चार वेगवेगळ्या आडनावांच्या घरांनी आत्ताच रोटाला बोलावून ठेवलंय. निवडणुकीने माणसाची भाऊबंदकी कुठवर वाढते बघा.

हे सगळं तो निभावतो. निभत नाही ते पाणी.

नळाच्या दिवशी पहाटे साडेपाचला व्हॉल्व्हमन चावी फिरवतो. या माणसापुढे चारही नगरसेवक आवाज खाली करतात. चावी फिरली की गल्लीत एक गुणगुण सुरू होते, मोहोळ उठल्यासारखी. शेवटचं घर सोडलं तर प्रत्येक घराने नळाला थेट मोटर लावलेली आहे. हे बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच तर मोटरीवर पोतं झाकलेलं असतं. पुढची पंधरा घरं ओढतात आणि शेवटच्या घरी आजीच्या नळातून नुसता फुस्स आवाज येतो.

‘भाऊ, तू निवडी उना,’ आजी त्याला रस्त्यात गाठून विचारतात, ‘आते पानी कव्हय ई?’

एका पहाटे तो मला घेऊन गल्लीतून चालत गेला. कान लावून एकेका दाराशी थांबायचा. ‘ही गुरुजींची. बेअरिंग गेलंय. ही टेलरची, मागच्या दिवाळीत भरली. ही अर्ध्या एचपीची, बायको माहेरी गेली की बंद असते.’ आमच्या फाटकाशी थांबला आणि काहीच बोलला नाही. मीच म्हणालो, ‘माझी आवाज करते का रे जास्त?’ म्हणाला, ‘नाही काका, तुमची मी मन लावून भरली होती.’

पंधरा मोटरी, पंधराही त्याच्या हातच्या, आणि एकेका मोटरीमागे चार-पाच मतं. चोर कोण, ते आवाजावरून ओळखणारा शहरातला हा एकमेव पोलीस, आणि चोरांनीच त्याला निवडून दिलेला.

अखेर आजीच्या तोंडाला भिऊन त्याने मोटरजप्तीचं पथक मागवलं. आदल्या रात्री पंधरा घरांत फोन गेले. कुणाचे ते लिहीत नाही; मला आला होता एवढंच सांगतो. सकाळी पथक आलं, तीन घरं बघितली, एकही मोटर सापडली नाही, कोपऱ्यावर चहा पिऊन गेलं. पण त्या दिवशी गल्ली गप्प होती, आणि आजीच्या नळाला करंगळीएवढी धार लागली. आजींनी हंडे भरले, पातेली भरली, तांबे भरले, शेवटी वाट्यासुद्धा भरल्या. संध्याकाळी त्याला म्हणाल्या, ‘त्या पथकले रोज बलाव, आंडोर.’

रोज पथक कुठून आणणार? आठवडाभर तो आजींच्या घरावरून जायचं टाळत मागच्या बोळातून दुकानात गेला. मग एका रात्री दहानंतर मला त्यांच्या ओट्यावर उजेड दिसला. पांढऱ्या कडक सदऱ्याच्या बाह्या वर करून, तोंडात बॅटरी धरून भाऊ उकिडवा बसला होता. पुढ्यात मोटर. जुनीच, पण तार नवी. फलक नव्हता, नारळ नव्हता, फोटो काढायला एक कार्यकर्ता नव्हता. मला बघून तो दचकला आणि पान्हा माझ्याकडे देऊन म्हणाला, ‘धरा जरा.’

‘कितला झाया?’ आजींनी पदराची गाठ सोडत विचारलं.

‘राहू द्या आजी.’

वरून पोतं झाकलं. नळाच्या दिवशी साडेपाचला चावी फिरली, गल्लीतली गुणगुण सोळा सुरांत उठली, आणि आजींच्या दारात बदाबदा पाणी पडू लागलं. सहाला दहा मिनिटं कमी असताना भाऊचा फोन वाजला. आजींच्या अलीकडच्या घरातून होता. ‘भाऊ, आज आमच्याकडे पाण्याला जोरच नाही हो!’