वाटीतली चिठ्ठी

आमच्या सोसायटीत बारा बायकांची भिशी आहे. दरमहा प्रत्येकी २,००० रुपये जमतात, स्टीलच्या वाटीतून कुणाचं तरी पोर चिठ्ठी काढतं, २४,००० एकीच्या पदरात पडतात आणि बाकीच्या अकराजणी चिवडा खातात. यात कुणाचीच काही तक्रार नव्हती. पण मी पडलो संगणकवाला. ‘‘चिठ्ठ्या कसल्या टाकता? पायथनमध्ये दोन ओळींचं काम आहे,’’ असं मी म्हणून बसलो. ही काहीच बोलली नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या महिन्यात जोशी वहिनी. दुसऱ्या महिन्यातही जोशी वहिनी! चूक माझी. ‘चॉइस’ नुसतं नाव वाचून दाखवतं, चिठ्ठी वाटीतच राहते. मी समजावून सांगितलं, की अशा पद्धतीने वर्षभरात बाराहीजणींना एकेकदाच भिशी लागण्याची शक्यता सुमारे १८,६०० त एक. मी सांगितलं गणित, त्यांनी ऐकली अफरातफर.

मग लागलेलं नाव यादीतून उडवणारं ‘रिमूव्ह’ घातलं. पुन्हा काढल्यावर नाव आलं ‘कुलकर्णी काकू’. आमच्याकडे कुलकर्णी काकू दोन, तळमजल्यावरच्या आणि तिसऱ्यावरच्या. गेली कित्येक वर्षं दोघींमध्ये अबोला. ‘रिमूव्ह’ सापडेल ते पहिलं नाव उडवून मोकळं होतं. गेली कोण न्‌ उरली कोण, त्याला काय त्याचं! ‘‘संगणकाला तुम्ही दोघी सारख्याच,’’ असं मी म्हणालो. (हे म्हणायला नको होतं.)

शेवटी शहाण्यासारखं ठरवलं, की पत्त्यांसारखी यादीच पिसायची आणि शेवटून एकेक नाव ‘पॉप’ करायचं. या पिसण्यामागे घराणं आहे. फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्ये ते कागद-पेन्सिलीने करायला सांगितलं, उरलेल्यांतलं एक निवडा, खोडा, दुसरीकडे उतरवा. १९६४ मध्ये डर्स्टनफेल्डने खोडाखोड वाचवली; निवडलेल्याची शेवटच्याशी अदलाबदल केली की झालं. पायथनचं ‘शफल’ याच वळणाचं. मात्र ते यादी जागच्या जागी पिसतं, हातात काही देत नाही. मी मारे ऐटीत ‘यादी बरोबर शफल’ असं लिहिलं आणि बारा नावांच्या जागी पडद्यावर एकच शब्द उमटला. नन.

‘‘नन? म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टर?’’

‘‘नवीन भाडेकरू असेल. पण तिने पैसे भरलेत का?’’

रात्री बसून चूक सुधारली. यादी एकदाची नीट पिसून झाली आणि मला घाम फुटला. वर्षभर कुणाला कधी पैसे मिळणार, ते सगळं आता माझ्या लॅपटॉपात! तेवढ्यात न मागता आल्याचा चहा पुढ्यात आला.

‘‘माझा नंबर कधी आहे हो?’’

‘‘एप्रिल.’’

‘‘फ्रीज दिवाळीला घ्यायचाय. तो डर्स्ट का कोण, त्याची ती अदलाबदल... अवघड असते का?’’

दुसऱ्या दिवशी मीच वाटी घासून पुसून दिली. दुसऱ्या मजल्यावरच्या दीड वर्षाच्या पोराने चिठ्ठी उचलली. नाव वाचून होईपर्यंत धीर धरला, मग ती तोंडात घातली आणि चावून गिळून टाकली.

कुणीतरी माझ्यापुढे चिवड्याची बशी सरकवली.