एका गंजातलं पथ्य

रस्सा ओरपताना ज्याच्या नाकातून पाणी येत नाही, त्याच्या वऱ्हाडीपणाबद्दल मला शंका येते. ही शंका घेण्याचा अधिकार मला कुणी दिला, हे मी अजून कुणाला विचारू दिलेलं नाही. बुलडाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली बोली बदलते, पाणी बदलतं, सोयरिकीच्या अटी बदलतात. पण कोंबडीच्या रश्श्यावर बोटभर तर्री हवी, याबद्दल तेराही तालुक्यांचं एकमत आहे. अशा मुलखात कुणाचे सांधे, कुणाची थायरॉइड, कुणाचं आतडं स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या तावडीत सापडतं आणि आहारतज्ज्ञ ‘ऑटोइम्यून प्रोटोकॉल’ नावाचा कागद हातात ठेवतात, तेव्हा माझी पहिली सहानुभूती रोग्याकडे न जाता रश्श्याकडे जाते. स्वभावाचा हा भाग मी लपवत नाही, कारण जिल्ह्यात तो अल्पसंख्य नाही. तरीही इथे मला उलट बाजू लढवायची आहे. तो कागद तंतोतंत पाळून कोंबडी शिजवता येते, ती चांगली लागते, आणि मुख्य म्हणजे ती घरातल्या सगळ्यांसाठी एकाच गंजात शिजली पाहिजे.

कागद वाचायला घेतला की आधी धान्यं जातात. ज्वारीत ग्लुटेन नसतं हा युक्तिवाद इथे चालत नाही; धान्य म्हणून जन्माला आली, एवढा गुन्हा पुरे. मग डाळी, मग दूध-दही-तूप, अंडी, मग तेलबिया. ही यादी वाचताना भेंडवळ आठवलं नाही तर तो माणूस बुलडाण्याचा नव्हे. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. चंद्रभान महाराजांनी घालून दिलेली ही रीत साडेतीनशे वर्षांची मानली जाते. गोल रिंगणात अठरा धान्यं ठेवायची: गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, करडी, सरकी, अंबाडी, मसूर, भादली आणि बाकीची मंडळी. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, भजं, वडा. शिवाय राजाच्या नावाचा पानविडा. रात्री तिकडे कुणी फिरकायचं नाही. सकाळी कोणता दाणा जागचा हलला ते पाहून पीकपाणी, रोगराई आणि दिल्लीच्या गादीचं भवितव्य सांगतात. आता हाच घट ऑटोइम्यून प्रोटोकॉलच्या हवाली करा. अठराच्या अठरा धान्यं बाद. उडदाचा पापड बाद, गव्हाची कुरडई बाद, बेसनाचं भजं बाद, वडा बाद. विड्यातली सुपारी म्हणजे शेवटी बीच, तीही बाद. उरतं काय, तर चार ढेकळं, घागरभर पाणी आणि विड्याचं पान. राजाची गादी शाबूत राहते, पण त्याच्या ताटात वाढायला काही नसतं.

हे विषयांतर आहे असं वाटत असेल तर आहे, पण दोन्हीकडची रीत एकच आहे. सगळं सुटं मांडायचं, थोडा काळ हात लावायचा नाही, मग काय हललं ते बघायचं. या पथ्यातही संशयित पदार्थ आधी ताटाबाहेर काढतात, काही आठवडे शरीराला निवू देतात आणि मग एकेक पदार्थ परत आणून लक्ष ठेवतात. फरक इतकाच की घटाचं भाकीत चुकलं तरी पुढच्या तृतीयेला गर्दी तेवढीच होते. इथे चुकलं की सांधे सुजतात. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे डॉक्टर अल्बर्ट रो यांनी ॲलर्जीच्या रुग्णांसाठी अशा याद्या बसवल्या आणि १९४१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या यादीत भात आणि मेंढीचं मटण चालत होतं. आजचा कागद हा त्या रो साहेबांच्या घराण्यातला कडक पणतू आहे.

पहिला आक्षेप ठरलेला: अन्नाने असं काही होत नसतं, ही शहरातली थेरं. हे निदान शेगाव तालुक्यात बोलू नये. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले. आधी संशय पाण्यावर, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. आयसीएमआरची पथकं येऊन नमुने घेऊन गेली, आणि डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. तो प्रकार ऑटोइम्यून नव्हे, त्याचा उपायही वेगळा. पण ताटातल्या कोणत्या वस्तूकडे संशयाने बघायचं, हा प्रश्न जिल्ह्याला आता परका राहिलेला नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: या पथ्याला पुरावा काय? पुरावा आहे, पण हडकुळा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आतड्याच्या दाहाचे १५ रुग्ण होते; सहाव्या आठवड्यापर्यंत त्यांतल्या ११ जणांचा आजार शमला. मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि बऱ्याच जणांची औषधंही चालू होती. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात हाशिमोटो थायरॉइडच्या १७ बायकांनी दहा आठवडे हे पथ्य केलं. त्यांना बरं वाटू लागलं, थायरॉइडच्या तपासणीचे आकडे मात्र फारसे हलले नाहीत. एवढ्या भांडवलावर कुणी गोळ्या बंद करणं हा मूर्खपणा. आणि डॉक्टरांना सांगून, काही आठवड्यांपुरतं करून बघते म्हणणाऱ्या बाईला हसणं, हाही.

आता गंजाकडे. या कागदाचा मुख्य राग बियांवर आहे, त्यामुळे मसाल्याच्या डब्यात अशा वाटण्या होतात की भूमिअभिलेखवाल्यांनी धडा घ्यावा. सांबाराची पानं चालतात, त्याच झाडाचे धने चालत नाहीत. जायपत्री चालते, तिने अंगावर घेतलेलं जायफळ चालत नाही. मेथीची भाजी आत, मेथीदाणा बाहेर. जिरं, शहाजिरं, तीळ, खसखस, मोहरी, सगळे तडीपार. हिंग हा खरं तर डिंक, त्याला यायला हरकत नव्हती. पण बाजारच्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं, म्हणून संगतीच्या दोषाने तोही गेला. दगडफुलाचा खटला मला सगळ्यात आवडतो. ते फूल नाही, बी नाही, धड वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल यांनी दगडावर थाटलेला संसार आहे. याला कोणत्या रकान्यात घालायचं हे यादी करणाऱ्यांना सुचलं नसावं, म्हणून संशयाचा फायदा मी आरोपीला देतो. इतकं होऊनही कांदा, सुकं खोबरं, लसूण, अद्रक, हळद, दालचिनी, लवंग आणि तेजपान शिल्लक राहतात. एवढ्यावर रस्सा उभा राहतो, कारण काळ्या रश्श्याची निम्मी चव मसाल्याची नसून भाजण्याची असते, आणि कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजायला कागदाची मनाई नाही. तेलाची अडचण आहे. सोयाबीन, फल्ली, सरकी, तिन्ही तेलं बाद. खोबरेल चालतं, पण आपल्याकडे त्याची जागा डोक्यावर, आणि त्यात केलेल्या रश्श्याला शाळेत निघालेल्या पोराच्या भांगासारखा वास येतो. त्यापेक्षा गावरान कोंबडी कातडीसकट घ्यावी आणि तिचीच चरबी गंजात मंद आचेवर सुटू द्यावी. तर्री येते. पिवळी येते, पण येते. आंबटपणाला चिंचेचा कोळ. दाटपणासाठी ज्वारीचं पीठ किंवा दाण्याचं कूट घालता येत नाही, तिथे साबुदाणा कामी येतो. तो कसाव्याच्या कंदाचा, म्हणून निर्दोष. भाजून, दळून चमचाभर लावला की रश्श्याला अंग येतं. एकादशीच्या साबुदाण्याने कोंबडी दाट करावी हे शास्त्रात बसतं. कोणत्या, ते विचारू नये.

खरी लढाई मिरचीची आहे. मिरची, टमाटर, वांगं, आलू हे सगळं कूळच कागदाने बाद केलं आहे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे शेडनेटमध्ये मिरचीचं आणि टोमॅटोचं बियाणं पिकतं, म्हणजे जिल्हा या कुळाचा नुसता भक्त नाही, पुरवठादार आहे. तेव्हा बिनमिरचीचा रस्सा म्हणजे परंपरेचा खून, असं माझ्यातला वऱ्हाडी म्हणतोच. पण कोणत्या परंपरेचा? मिरची अमेरिकेची. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचल्यानंतर पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती इकडे आली. त्याआधी शेकडो वर्षं या देशात तिखट लागायचं ते मिऱ्यांनी आणि पिंपळीने, आणि तेव्हाही माणसं कोंबडी खातच होती. शिवाय तिखट ही चव नव्हेच. जिभेवरचा जो ग्राहक ४३ अंशांपुढची उष्णता ओळखतो, त्याला मिरचीतलं कॅप्सेसिन फसवतं आणि मेंदूला भाजल्याची वर्दी जाते. घाटाखाली मे महिन्यात हेच काम हवा फुकट करते. पक्ष्यांचा तो ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पक्षी मिरच्या खुशाल खातात. म्हणजे ज्या तिखटावर मी माझी सगळी मर्दुमकी उभी केली, ते गंजातल्या कोंबडीला जन्मभर जाणवलंसुद्धा नसतं. या स्पर्धेत ती माझ्या पुढे आहे, आणि मला वाटतं तिला शिजवण्यात माझा थोडा सूडही असावा.

इथवर गंमत झाली. ऑटोइम्यून आजारांच्या रुग्णांत साधारण पाचांत चार बायका असतात असा अंदाज आहे, आणि आपल्या घरांत गंज बायकांच्याच हातात असतो. म्हणून हे पथ्य प्रत्यक्षात कसं पाळलं जातं ते पाहण्यासारखं आहे. पुरुषाला साखरेचा आजार निघाला की घरभर बिनसाखरेचा चहा होतो, पाहुण्यालासुद्धा तोच मिळतो. बाईला पथ्य लागलं की घरात दुसरं भांडं चढतं. सुजलेल्या बोटांनी ती आधी सगळ्यांचा लालभडक रस्सा करते, भाकरी थापते, वाढते, आणि मग कोपऱ्यातल्या पातेलीतलं उकडलेलं काहीतरी शेवटी एकटी खाते. तिखटाचा ठसका तिनेच सोसायचा आणि त्याची चव मात्र घ्यायची नाही. पंधरा दिवसांत ती पथ्य सोडते आणि घरचे म्हणतात, तिच्यात चिकाटी नाही. मला या वाक्याचा संताप येतो. सुटतं ते दुसऱ्या भांड्यामुळे. एकाच घरात दोन स्वयंपाक आणि त्यातला कमी महत्त्वाचा आपला, हे कुणालाही फार दिवस झेपत नाही. तिसरा आक्षेप इथेच येतो: एकीसाठी सगळ्यांनी का सोसायचं? पण वर सांगितलेल्या कोंबडीत सोसण्यासारखं काही नाही. फक्त मिरची कमी आहे, आणि मिरची ही एकमेव गोष्ट अशी आहे की ती मागाहून ताटात घालता येते. धने-जिऱ्याचं तसं नाही, पण त्यांची उणीव भाजलेला कांदा भरून काढतो. तिच्या ताटात भाकरीऐवजी उकडलेलं रताळं असेल. ते इंग्रजीत नावाला आलू असलं तरी मिरचीच्या कुळातलं नाही.

आणि हे जन्मभराचंही नाही. काही आठवडे झाले, बरं वाटू लागलं, की परतीचा क्रम सुरू होतो. अंड्याचा पिवळा बलक, तूप, मिरी, बियांचे मसाले आधी येतात. मिरची रांगेत अगदी शेवटी. तोवर ज्याला तर्री हवी त्याने ती वेगळ्या कढल्यात स्वतः करावी आणि आपापल्या ताटात ओतून घ्यावी. त्यात अवघड काही नाही. फल्लीतेल तापवायचं, आच बंद करायची, ठेचलेला लसूण टाकायचा, मग लाल तिखट. आच बंद करायच्या आधीच तिखट टाकलं तर ते जळतं, घरभर खोकला उठतो आणि शेजारचे दार उघडून बघतात. बघू द्यावं. या घरात आज पुरुष चुलीपाशी उभा आहे, ही बातमी गल्लीत तशीही दुसऱ्या कोणत्या मार्गाने पोचणार नाही.