रंगाचा एक हात

घरातल्या बहुतेक वस्तूंचा रंग आपण ठरवलेला नसतो. इमारतीचा रंग सोसायटीच्या वार्षिक सभेत ठरतो. तिथे दोन-तीन तास भांडण झाल्यावर सगळ्यांना सारखाच नापसंत असलेला एक फिकट पिवळा बहुमताने मंजूर होतो. फ्रिजचा रंग एक्स्चेंज ऑफरमध्ये जो शिल्लक असेल तो. मोटरसायकलचं तर विचारूच नका. शोरूममधला मुलगा मोठ्या आदबीने कॅटलॉग उलगडतो, निळा, लाल, करडा असे चार-पाच रंग दाखवतो, आपण एकावर बोट ठेवेपर्यंत वाट बघतो आणि मग म्हणतो, "याला दीड महिना वेटिंग आहे सर. काळी मात्र आत्ता नेऊ शकता." पाडव्याला गाडी दारात हवी असते. आपण काळी आणतो.

अशा रीतीने आलेल्या काळ्या मोटरसायकलींनी महाराष्ट्र भरला आहे. कुठल्याही स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी उभं राहून बघा. माणसं आपापली गाडी शोधत फिरत असतात. कोणी हँडलला लाल फडकं बांधलेलं असतं, कोणी मागच्या मडगार्डवर कुलदैवताचं नाव लिहून घेतलेलं असतं, पण तुळजाभवानीच्या कृपेतल्या गाड्याही त्या एका रांगेत चार निघतात. शेवटी किल्ली लावून बघायची. जुन्या गाडीची झिजलेली किल्ली कधीकधी शेजारच्या गाडीलाही लागते, ते वेगळंच.

याच गर्दीत एखादी गाडी अशी असते की तिची टाकी काळी, साइड कव्हर केशरी आणि चाकांच्या रिमा पोपटी. लोक हसतात. मला मात्र त्या मालकाबद्दल आदर वाटतो. हे काम त्याने गॅरेजमध्ये करून घेतलेलं नाही, घरी स्वतः केलं आहे, हे लांबूनच कळतं; कारण थोडा पोपटी टायरवरही असतो. उभ्या आयुष्यात या माणसाला एका गोष्टीचा रंग स्वतः ठरवायचा होता आणि त्याने तो ठरवला. लोकशाही आणखी कशाला म्हणतात?

माझा भाचा या पंथाला लागला तो एक जुनी शंभर सीसीची गाडी विकत घेऊन. रंगवायला जागा म्हणून आमची गच्ची आणि मजूर म्हणून मामा, अशी त्याची योजना होती. पहिल्या दिवशी आम्ही सामान आणायला पुण्याच्या बोहरी आळीत गेलो. रंगांचे डबे कुठे ठेवलेत ते तो बघत होता. दुकानदाराने मात्र रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"पेपर कुठला देऊ?"

"पेपर नको, स्प्रे हवाय काका. केशरी."

"टाकी आहे ना? मग एकशेवीस न्या, दोनशेवीस न्या, चारशे न्या, आठशे न्या. वरून पॉलिशला दोन हजार. केशरी एक डबा पुरेल, तो शेवटी बघू."

या चार वाक्यांत त्या गृहस्थांनी अख्खं शास्त्र सांगून टाकलं होतं. पॉलिश पेपरचा आकडा जितका लहान तितका तो खरखरीत. एकशेवीसने गंज आणि जुने पापुद्रे निघतात, पण त्याचे ओरखडे राहतात. ते ओरखडे दोनशेवीसने घालवायचे, दोनशेवीसचे चारशेने, आणि अस्तराचा हात दिल्यावर तो आठशेने पाणी लावून हलक्या हाताने घासायचा. म्हणजे प्रत्येक पेपरचं काम आधीच्या पेपरने केलेला गुन्हा पुसणं एवढंच असतं. अगदी गुळगुळीत काचेवर रंग धरत नाही आणि ओबडधोबड पत्र्यावर तो प्रत्येक खड्डा उघडा पाडतो. मधली कुठली तरी अवस्था साधायची असते, ती डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला कळते. रंग देणं म्हणजे तीन दिवस घासणं आणि दहा मिनिटं रंगवणं. घरी रंगवलेल्या ज्या ज्या गाड्या सहा महिन्यांत सोलायला लागतात, त्यांच्या मालकांनी हे प्रमाण उलटं केलेलं असतं.

पण घासण्यात एक सुख आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञ मंडळींनी वर्षानुवर्षं खणून उत्तर जोर्वे, पूर्व जोर्वे, माळवा असे प्राचीन वस्तीचे एकाखाली एक थर काढले. आम्ही तेच काम एका टाकीवर केलं. सगळ्यात वर काळा, त्यावर वाघाच्या डोळ्यांचं स्टिकर. हा नजीकचा काळ. त्याखाली निळा निघाला, तोही हातानेच मारलेला, कारण ओघळ तसेच वाळून बसले होते. निळ्याखाली चंदेरी. एके काळी शहरातल्या बऱ्याच गाड्या चंदेरी होत्या, त्या काळातला कोणी हौशी मालक असणार. चंदेरीवर रंगवलेल्या अक्षरांपैकी 'कृपा' एवढंच शिल्लक राहिलं. कोणाची, ते आमच्या दोनशेवीसने नेलं होतं. सर्वांत खाली कंपनीचा मरून, इतका चिवट की दंड भरून आले तरी हटेना. कारखान्यात धातू आधी रासायनिक पाण्यातून काढतात, मग रंग भट्टीत भाजतात. घरच्या रंगाला ते भाग्य नसतं.

टाकीच्या डाव्या अंगाला मात्र थर वेगळेच निघाले. तिथे रंगाखाली लांबी होती, चांगली जाडजूड. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं की गाडी कधी पडलेली नाही. भाच्याने फ्रिजवरचं लोहचुंबक आणून लावलं. बाकी टाकीला ते टपकन चिकटे, तिथे मात्र घसरून पडे. लांबीखाली पोचा होता, ताटलीएवढा. जुनी गाडी घेताना खिशात एक चुंबक ठेवावं, हा व्यवहारज्ञानाचा भाग त्याला त्या दिवशी फुकट मिळाला.

आता प्रश्न हवेचा. महाराष्ट्रात गाडी रंगवायचा उत्साह एकाच वेळी उसळतो, दसऱ्याच्या आधी. झेंडूचा हार घालायचा तर खाली टाकी चकचकीत हवी. आणि नेमकी हीच वेळ रंगाला नकोशी असते. परतीचा पाऊस रेंगाळलेला असतो, हवेत दमटपणा असतो. लॅकर जातीच्या रंगातला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, त्या गारव्यावर हवेतलं पाणी धरतं आणि चमकदार काळ्यावर दुधट पांढरी झाक येते. पेंटर लोक म्हणतात, "रंग पांढरा पडला." त्यावर उपाय म्हणजे सावकाश उडणारा थिनर, किंवा सरळ कोरड्या दिवसाची वाट बघणं. दसरा वाट बघत नाही.

मग उन्हाळ्यात करावं, तर एप्रिल-मे महिन्यात गच्ची आपली नसते. तिथे कुरडया असतात, साबुदाण्याच्या पापड्या असतात, आणि त्यांची राखण करणाऱ्या आजी असतात. आमच्या इमारतीतल्या आजींनी भाच्याच्या हातातला डबा बघितला आणि एवढंच विचारलं, "बाळा, वारा कुठून येतोय?" प्रश्न अगदी वर्मावर होता. स्प्रेचा निम्मा रंग गाडीवर बसतो, उरलेला धुळीसारखा उडून जिथे जागा मिळेल तिथे बसतो, आणि केशरी कुरडई तळल्यावरही केशरीच राहते. शिवाय भर उन्हात रंग मारणंही वाईटच. पत्रा तापलेला असतो, रंग नीट पसरायच्या आधी सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. तेव्हा सावली हवी, पण ऊब हवी. मोकळी हवा हवी, पण वारा नको. आजींशी तह झाला. पापड्या सकाळी, रंग तिसऱ्या प्रहरी जिन्याच्या खोलीच्या सावलीत, दार सताड उघडं ठेवून.

टाकी काढणं हे त्यातलं एकच काम असं की जिथे हसण्यावारी नेऊ नये. पेट्रोल सगळं काढून घेतलं की लोक निर्धास्त होतात. खरं तर रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ भरून राहिलेली असते. म्हणून ती स्वयंपाकघराच्या गॅलरीत नको आणि सल्ला द्यायला आलेल्या विडीवाल्या काकांच्या जवळ तर अजिबात नको.

डब्यातली गोळी खुळखुळायला लागल्यावरही निदान मिनिटभर डबा हलवत राहायचं, मग वीतभर अंतर ठेवून, वस्तूच्या बाहेर फवारा सुरू करून वस्तूच्या पलीकडे थांबवायचा. हात थांबला की ओघळ आलाच. पहिला हात इतका पातळ की खालचं अस्तर दिसत राहावं. हे मनाला पटत नाही. आपल्याकडे काटकसरीचे संस्कार कितीही असले तरी रंगाच्या बाबतीत सगळे उदार असतात, पहिल्याच फेरीत टाकी बुडवून मोकळे होतात. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा पातळ हात, पुन्हा थांबून तिसरा, असं ज्याला जमतं त्याला बँकेत ठेव ठेवायलाही जमत असणार. चेन्नईला बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा कारागीर ब्रशने, नुसत्या हाताने ओढत आले आहेत. टाकीच्या गोलाईवरून ती रेघ एका दमात जाते. त्याचा एक व्हिडिओ बघितल्यावर भाच्याने आणलेली मास्किंग टेप दोन दिवस पिशवीतून बाहेर काढली नव्हती.

यानंतर खरा शत्रू समोर येतो, तो म्हणजे अंगठा. ओल्या रंगाची वस्तू दिसली की भारतीय माणसाला ती वाळली का, हे अंगठ्याने बघावंसं वाटतं. "ओला आहे, हात लावू नका" असा कागद लावला तर तो वाचून, खात्री करून घेण्यासाठी हात लावतात. दूधवाला लावतो. कुरिअरवाला लावतो. सेक्रेटरी साहेबांनी गच्चीचा गैरवापर या विषयावर बोलायला येऊन, बोलता बोलता मडगार्डवर बोट ठेवलं होतं. आणि यात गंमत अशी की रंग वरून तासाभरात कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला कित्येक दिवस घेतो. 1920च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने ड्युको नावाचं नायट्रोसेल्युलोज लॅकर काढलं, तोवर मोटारीचा रंग वाळायला आठवडेच्या आठवडे लागत आणि कारखान्यांना गाड्या ठेवायला जागा पुरत नसे. ड्युकोने ते काम तासांवर आणलं. आपल्याकडचा सुतार आजही कपाटाला 'ड्युको करू का' विचारतो, तो त्याच डब्याचा पणतू. तासांवर काम आलं, अंगठे मात्र तिथेच राहिले.

स्प्रेचा साधा रंग टाकीवर आणखी एका कारणाने हरतो. पेट्रोल भरताना झाकणाशी दोन थेंब सांडतातच, आणि पेट्रोल अशा रंगाला विरघळवतं. महिन्याभरात झाकणाभोवती एक गचाळ कडं तयार होतं. त्याला टिकणारा हवा तो हार्डनर घालून मारायचा रंग. पण त्याची वाफ फुप्फुसाला घातक, ती साध्या फडक्याने अडत नाही. ते काम योग्य मास्क आणि गन असलेल्या पेंटरकडेच द्यावं. सायलेन्सरला तर वेगळाच, उष्णता सोसणारा रंग लागतो, तो मारल्यावर इंजिन चालवून थोडाथोडा तापवत पक्का करायचा असतो. हौसेने घरातला ऑइलपेंट सायलेन्सरला मारणारे लोक पहिल्याच सिग्नलला धुरात उभे असतात आणि मागचे लोक इंजिन गेलं समजून सहानुभूतीने बघत असतात.

भाच्याने फक्त चेनकव्हर केशरी करायचं ठरवलं होतं. ते इतकं देखणं झालं की शेजारचं साइड कव्हर कळकट दिसायला लागलं. साइड कव्हर केलं तर टाकी म्हातारी दिसायला लागली. टाकी झाली तर डूम, डूम झाला तर मडगार्ड. आता साडीगार्ड तेवढं काळं उरलं आहे आणि तो त्याच्याकडे ज्या नजरेने बघतो, त्यावरून ते फार दिवस काळं राहील असं वाटत नाही.

तुम्हालाही हात शिवशिवत असतील तर जरूर रंगवा. सुरुवात चेनकव्हरपासून करा, टाकीला पुढच्या वर्षी हात घाला. गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो, म्हणून अख्खी गाडी बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारून नोंद बदलून घ्या. ऑलिव्ह ग्रीन मात्र कितीही आवडला तरी लावू नका; केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांचा आहे.