समुद्राचा बदली कामगार

समुद्र फुकट असतो, असा आपल्या लोकांचा ठाम समज आहे. दादरला जा, अलिबागला जा, कोणी तिकीट विचारत नाही. पण तोच समुद्र शंभर लिटरच्या काचेच्या टाकीत भरून दिवाणखान्यात ठेवायचा म्हटलं, की त्याचा हिशेब लिटरवर येतो. आमच्या घरात हा हिशेब मी आजवर पूर्ण सांगितलेला नाही. हा अंक हिच्या हाती लागू नये म्हणून काय करता येईल, ते पाहतो आहे.

रीफ टँक म्हणजे नुसती माशांची पेटी नव्हे. गोल्डफिश पाळणारी माणसं सुखी असतात. त्यांना मासा दिसतो, मासा पुरतो. रीफवाल्याला प्रवाळ जगवायचं असतं, आणि प्रवाळाच्या अटी फार. पाणी सतत हलतं हवं, पण अंगावर आपटायला नको. उजेड भरपूर हवा, पण निळसर. उष्णता पंचवीस-सव्वीस डिग्रीच्या पुढे फार सरकायला नको. खाऱ्या समुद्रात ही सगळी व्यवस्था आपोआप होत असते. घरी मात्र ती एकाच माणसाच्या गळ्यात पडते. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर मी समुद्राच्या जागी बदली कामगार म्हणून लागलो आहे. पगार नाही, रजा नाही, आणि कायम होण्याची आशा तर अजिबात नाही.

पहिला प्रश्न पाण्याचा. "चौपाटीवरून दोन कॅन भरून आणायचे की!" हा सल्ला मला सोसायटीच्या सेक्रेटरींपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी दिला आहे. मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात समुद्राखेरीज आणखी काय काय असतं, ते चारचौघांत सांगता येत नाही. पावसाळ्यात त्यात गोडं पाणी मिसळून खारटपणाही उतरतो. "मग घरातलं मीठ टाका," हा त्यानंतरचा सल्ला. समुद्राच्या मिठात सोडियम क्लोराइड साधारण ८५ टक्के. उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम अशी सगळी मंडळी असतात आणि प्रवाळाचा खरा जीव या उरलेल्यांतच अडकलेला. म्हणून हे मीठ वेगळं येतं, मोठ्या बादलीत येतं, आणि त्याची किंमत मी आईला सांगितलेली नाही. लिटरमागे ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो. शिवाय दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, ते वेगळं.

हे मीठ ज्यात विरघळवायचं ते पाणीही नळाचं चालत नाही. ते गाळणीतून, मग आरओतून, मग आणखी एका नळकांड्यातून काढून मीटरवर शून्य दाखवेपर्यंत शुद्ध करायचं. एक लिटर शुद्ध पाणी मिळेतो तीन-चार लिटर बाजूला वाहून जातं. उन्हाळ्यात ज्या सोसायटीला टँकर येतात, तिथे ही गोष्ट मोठ्याने बोलायची नसते. ते बाजूचं पाणी आमच्याकडे पिंपात साठवलं जातं, आणि फरशी, बाल्कनी, गाडी, संडास, सगळं त्यानेच धुतलं जातं. आमच्या घराइतकी स्वच्छ फरशी अख्ख्या इमारतीत नाही. याचं श्रेय प्रवाळांना आहे, पण घेते ही.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असतो. काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवायचा, झाकण लावायचं आणि खिडकीकडे तोंड करून नळीतून बघायचं. निळा आणि पांढरा रंग जिथे मिळतो तिथला आकडा १.०२५ च्या आसपास आला, की दिवस चांगला. आई मूळची मालवणची. तिने हा प्रकार स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला आणि म्हणाली, "आम्ही आमटीचा वास घेऊन मीठ सांगतो. तुला दुर्बीण लागते."

टाकी भरली म्हणजे लगेच मासे सोडायचे नसतात. आधी दगडांवर आणि वाळूत जिवाणूंची वस्ती व्हावी लागते. घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एक जात त्याचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते पुष्कळ सुसह्य. हे चक्र बसायला महिना-दीड महिना सहज लागतो. तोवर घरात एक दिवा लावलेली, पंप घुरघुरणारी, रिकामी टाकी असते. आलेले पाहुणे वाकून वाकून बघतात. "मासे कुठेयत?" "यायचेत." "मग आत्ता काय आहे?" "जिवाणू." यावर चहाचा कप किंचित लांब सरकवला जातो.

जिवाणूंपाठोपाठ शेवाळ येतं. आधी तपकिरी, मग हिरवं, मग केसाळ. छंदातले लोक याला 'अग्ली स्टेज' म्हणतात. प्रत्येक टाकी यातून जाते आणि धीर धरणं हाच यावरचा इलाज. हा इलाज आमच्या घरात कोणालाच पटला नाही. समोरच्या काकांनी फिनेलचा एक थेंब सुचवला. आईने तर काम उरकायचंच ठरवून गॅसवर पातेलं चढवलं होतं. "दगड काढून दे, उकळते आणि काथ्याने घासते." मी सोफ्यावरून उडी मारूनच गॅस बंद केला. त्या दगडांवर झोअँथिड बसले होते. झोअँथिड म्हणजे बटणाएवढी, भडक रंगाची, फार लोभस दिसणारी फुलं. ती फुलं नसतात, जनावरं असतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं. असे दगड उकळल्यावर वाफेने घरची घरं इस्पितळात पोचल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. त्यांना हात लावायचा तोही हातमोजे घालून. हे सगळं मी आईला शांतपणे समजावलं. ती पातेल्याखालचा गॅस पुन्हा पेटवून चहाचं आधण ठेवत म्हणाली, "म्हणजे विष दिवाणखान्यात, आणि फिनेल मात्र वाईट."

एक गोष्ट सांगायलाच हवी. परदेशी व्हिडिओंत दिसतात तसे फांद्याफांद्यांचे कठीण प्रवाळ माझ्याकडे नाहीत, आणि असणारही नाहीत. रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. समुद्रघोडेही तिथेच. छंदातल्या काही मंडळींना हा कायदा जाचक वाटतो. मला तो योग्य वाटतो, आणि त्याचं कारण जुनं आहे. इंग्लंडात फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाने १८५४ साली 'द अ‍ॅक्वेरियम' नावाचं पुस्तक काढलं आणि घरोघरी समुद्री टाक्यांची लाट आली. लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर तुटून पडले आणि खडकांमधली भरलेली डबकी ओरबाडून रिकामी केली. पुढे १९०७ साली त्याच्याच मुलाने, एडमंड गॉसने, आत्मचरित्रात या उजाड किनाऱ्यांबद्दल हळहळ लिहून ठेवली. बापाने लावलेल्या आवडीचा पंचनामा मुलाने केला. तेव्हा माझे दगड सिरॅमिकचे, प्रवाळ मऊ जातीचे, आणि मासे पैदास केंद्रातले. क्लाउनफिशची पैदास आता आपल्याकडेही होते. ठाण्याच्या शेजारी ऐरोलीलाच कांदळवन विभागाच्या केंद्रात तशी सोय उभी राहिली. समुद्रातून उचलून आणलेला मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, इतकं माझं मत पक्कं आहे.

तर क्लाउनफिशची जोडी आली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, सिनेमामुळे शाळकरी पोरांना पाठ. आईने आधी भाव विचारला. मी थोडा कमी करून सांगितला, तरी ती म्हणाली, "एवढ्यात पापलेट आलं असतं आणि सगळ्यांना पुरलं असतं." मग चष्मा लावून नीट बघत, "यातला नवरा कुठला?"

"तो लहान. मोठी ती बायको."

"आणि ती टोचा मारते, तो थरथरतो, ते काय?"

"तसं असतं त्यांच्यात. तिचं राज्य आहे हे तो कबूल करतो. हे मासे जन्मतात तेव्हा सगळे नरच असतात. गटातला सगळ्यांत मोठा तो मादी होतो. ती मेली की नवऱ्याची बढती होऊन तोच मादी होतो."

आईने हिच्याकडे पाहिलं, हिने आईकडे पाहिलं. त्या दोघींचं ज्या मोजक्या विषयांवर एकमत आहे, त्यांत त्या दिवसापासून क्लाउनफिशची भर पडली.

त्यानंतर क्लीनर कोळंबी आली. लाल अंग, पाठीवर पांढरी रेघ, लांबलचक मिशा. टाकीत हात घातला की ती मनगटावर येऊन बसते आणि नखांच्या कडेचा मळ एकेक करून टिपते. अगदी मन लावून. कामाला इतका चोख कर्मचारी मी कुठल्याही कार्यालयात पाहिलेला नाही. एका सकाळी आईने मला हलवून उठवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "कोळंबी गेली रे." खरंच, वाळूवर ती आडवी पडलेली, मिशांसकट, पायांसकट. आईला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. मालवणच्या बाईला कोळंबीबद्दल असं वाटणं ही घरातल्या इतिहासातली पहिलीच वेळ. तेवढ्यात दगडामागून दुसरी कोळंबी डोकावली, थोडी फिकट, थोडी मोठी. कोळंबी वाढताना कात टाकते, आणि टाकलेली कात हुबेहूब कोळंबीच असते. "मग मेली ती कोण आणि बसलीय ती कोण?" या प्रश्नावर आई दुपारपर्यंत विचार करत होती.

पिस्तूल कोळंबीने मात्र सगळ्यांची झोप उडवली. ही गोबी नावाच्या माशाबरोबर एका बिळात राहते. हिला नीट दिसत नाही, ही खणते. तो खणत नाही, तो दारात उभा राहून पहारा देतो. ही बाहेर आली की मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते, आणि धोका दिसला की तो शेपटी हलवून इशारा देतो. हे सगळं फारच हृद्य. पण ही एका नांगीचा असा झपाटा मारते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटताना काच तडकल्यासारखा आवाज येतो. रात्री दोन वाजता 'टक्' झालं, की शंभर लिटर खारं पाणी खालच्या काकूंच्या नव्या फॉल्स सीलिंगवर कोसळताना डोळ्यांपुढे येतं. आम्ही दोघं टॉर्च घेऊन चारही काचा चाचपल्या आहेत. बिळाच्या दारात गोबी आमच्याकडे संशयाने बघत होता.

हे सगळं वीज आहे तोवर. वीज गेली, की बदली कामगाराची खरी नोकरी सुरू होते. आमचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे एवढंच चालवतो. मे महिन्यात रात्री वीज गेली, की पंप थांबतात, पाण्याचा पृष्ठभाग निपचित होतो आणि आतला प्राणवायू उतरू लागतो. त्याहून वाईट म्हणजे पाणी तापू लागतं. चिलर एरवी टाकीतली उष्णता खोलीत फेकत असतो. त्यामुळे माशांना सव्वीस आणि आम्हाला चौतीस, ही आमच्या घरची रोजची विभागणी. पण चिलरच बंद पडला की समता येते. मग बॅटरीवरचा एअर पंप शोधा, फ्रीझरमधल्या बर्फाच्या बाटल्या पाण्यावर तरंगत सोडा, आणि वर्तमानपत्राने पाण्यावर वारा घालत बसा. असाच वारा घालत बसलो असताना ही अंधारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कधी असा वारा घातलात का?" मी थर्मामीटर बघत होतो, त्यामुळे उत्तर द्यायचं राहिलं.

मूळ कर्मचाऱ्यालाही हे काम आता झेपेनासं झालंय, हे मला अलीकडे जास्त जाणवतं. पाणी जास्त काळ तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं. त्या शेवाळानेच त्याला रंग असतो आणि बहुतेक अन्नही तेच पुरवतं, म्हणून ते पांढरं पडतं आणि पाणी लवकर निवलं नाही तर उपाशी मरतं. १९९८ साली लक्षद्वीपची प्रवाळं अशीच मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. तिथे बर्फाची बाटली सोडणार कोण?

आता मुद्द्याची गोष्ट. गणपतीला आईला मालवणला जायचंय. तिथल्या समुद्रात खरी प्रवाळं आहेत, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पण तिला त्यात रस नाही. तिला घरच्या गणपतीत रस आहे, आणि हिलाही. गेली काही वर्षं आम्ही समुद्रामुळे समुद्रावर जाऊ शकलेलो नाही. तेव्हा ठाणे परिसरातल्या वाचकांपैकी कोणी चार दिवस घर सांभाळायला तयार असेल, तर संपादकांमार्फत कळवावं. राहण्याची सोय आहे, फरशी अत्यंत स्वच्छ आहे. मासे सकाळी एक चिमूट खातात. झोअँथिडना हात लावू नये. रात्री 'टक्' झालं तर उठू नये. आणि टाकीतलं पाणी खुणेच्या खाली गेलं, तर पिंपाशेजारच्या निळ्या कॅनमधलं साधं पाणी घालावं. मीठ घालू नये. मिठागरात उडतं ते पाणीच, मीठ मागे राहतं. कॅन निळा, मिठाची बादली पांढरी. दोन्हींवर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे.