भुजबळ परत आले, हिशेब राहिला

मंगळवारी, 20 मे 2025 रोजी, राजभवनात छगन भुजबळांनी पुन्हा मंत्रिपदाची शपथ घेतली. समर्थकांनी जल्लोष केला. शेवट गोड तर सगळंच गोड, अशी भुजबळांची प्रतिक्रिया होती. माझी हरकत तिथूनच सुरू होते. गोड झालं ते कुणाचं?

2024 चा डिसेंबर आठवा. 15 तारखेला नागपुरात 39 मंत्र्यांनी शपथ घेतली, त्यात भुजबळ नव्हते. नव्यांना संधी द्यायची आहे, असं त्यांच्या पक्षाकडून, अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून, सांगण्यात आलं. ‘जहाँ नहीं चैना, वहाँ नहीं रहना’ म्हणत भुजबळ नाशिकला परतले. आपल्याला मंत्री करावं असा मुख्यमंत्री फडणवीसांचा आग्रह होता, वगळलं ते आपल्याच पक्षानं, हेही त्यांनी उघड सांगितलं. कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, अजित पवारांविरुद्ध घोषणा झाल्या. पाच महिन्यांनी त्याच पक्षानं त्याच भुजबळांना बोलावलं आणि ते गेले. वय डिसेंबरातही 77 होतं, मे महिन्यातही 77 होतं. मग डिसेंबरात जे जुने होते ते मे महिन्यात नवे कसे झाले, हे अजित पवारांनी सांगितलं नाही. ज्या अपमानासाठी कार्यकर्त्यांना रस्त्यावर आणलं तो कसा धुऊन निघाला, हे भुजबळांनीही सांगितलं नाही.

कारण सांगितलं नाही तरी तारखा बोलतात. सरपंच संतोष देशमुख खून प्रकरणावरून उठलेल्या वादळात धनंजय मुंडेंनी 4 मार्च 2025 ला मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि राष्ट्रवादीच्या वाट्याची ओबीसी नेत्याची खुर्ची रिकामी झाली. 6 मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक स्वराज्य संस्थांच्या रखडलेल्या निवडणुका चार महिन्यांत घ्या, ओबीसी आरक्षण 2022 पूर्वीसारखं ठेवा, असा आदेश दिला. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी शपथविधी. जिल्हा परिषदा आणि महापालिका समोर दिसू लागल्या तशी भुजबळांची आठवण झाली, असं मी म्हणतो. कुणाला हे खोटं वाटत असेल तर त्यानं खरं कारण सांगावं.

भुजबळांची कुवत मी नाकारत नाही. भायखळ्याच्या मंडईत भाजी विकणारा मुलगा मुंबईचा महापौर झाला, दोनदा. 1991 मध्ये शिवसेना सोडण्याची हिंमत किती जणांत होती? 2004 पासून येवल्यानं त्यांना सलग पाच वेळा निवडून दिलं, तेही फुकट नाही. मांजरपाड्याचं पाणी पुणेगाव, दरसवाडीच्या कालव्यानं येवल्याकडे वळवण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. ज्यांच्या गावात उन्हाळ्यात टँकरशिवाय हंडा भरत नाही, त्यांना याची किंमत विचारा. 2016 मध्ये अटक झाली, दोन वर्षं तुरुंगात गेली, 2021 मध्ये महाराष्ट्र सदन प्रकरणात विशेष न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. एवढं सोसून उभा राहणारा माणूस लेचापेचा नसतो.

म्हणूनच त्यांच्याकडे हिशेब मागायचा. 17 नोव्हेंबर 2023 ला अंबडच्या सभेत, मराठा समाजाला ओबीसींतून आरक्षण देण्याच्या मागणीविरुद्ध, त्यांनी ओबीसींचा एल्गार पुकारला. ओबीसींच्या ताटातलं जाऊ नये ही मागणी रास्त आहे, ती मांडण्याचा त्यांना पुरेपूर हक्क आहे. पण त्या सभेच्या आदल्या दिवशीच आपण मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, हे त्यांनी लोकांना सांगितलं ते थेट फेब्रुवारी 2024 मध्ये, नगरच्या सभेत. मधले अडीच महिने मंत्री सरकारात, राजीनामा वरिष्ठांकडे आणि मतदार अंधारात.

त्या अडीच महिन्यांत इथं नाशिक जिल्ह्यात काय घडत होतं? नोव्हेंबरच्या शेवटी निफाड पट्ट्यात गारपीट झाली. उभ्या द्राक्षबागा भुईसपाट झाल्या, मणी फुटून चिखलात पडले. मंत्री म्हणून भुजबळ पाहणीला निघाले, तेव्हा वाटेत मराठा आंदोलकांचे काळे झेंडे आणि ‘गो बॅक’च्या घोषणा. दुसऱ्या दिवशी बातमी झाली ती घोषणांची. बाग कुणाची गेली, कर्ज किती होतं, पंचनामा कधी होणार, हे कुणी विचारलं नाही. गार पडताना मराठ्याची बाग कुठली नि माळ्याची कुठली, हे बघून पडली नव्हती. नुकसान दोघांचं झालं, आणि बांधाला बांध असलेली दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली. झेंडे दाखवणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे: नुकसान पाहायला आलेल्या मंत्र्याला अडवून तुम्ही स्वतःच्याच शेजाऱ्याचं नुकसान केलंत. येवल्यात 2019 ला 56 हजारांहून जास्त असलेलं मताधिक्य 2024 ला 26 हजारांवर आलं, त्याची मुळं मला या फाटाफुटीत दिसतात.

आता पुढचं. भुजबळ, दादा भुसे, माणिकराव कोकाटे, नरहरी झिरवाळ: नाशिक जिल्ह्याला चार मंत्री झाले. पालकमंत्री मात्र तेव्हा एकही नव्हता. 18 जानेवारी 2025 ला गिरीश महाजनांचं नाव जाहीर झालं, लगोलग स्थगिती आली, तेव्हापासून हे घोंगडं भिजत पडलं होतं. 2027 चा कुंभमेळा दाराशी आला होता आणि महायुतीचे तीन पक्ष एका खुर्चीवरून अडून बसले होते. भुजबळांच्या येण्यानं त्या रांगेत आणखी एक नाव वाढलं, एवढंच.

शपथविधीच्या आठवड्यातच, शुक्रवारी, त्यांना अन्न व नागरी पुरवठा खातं मिळालं. ते त्यांच्या हातातलं खातं आहे. 2020 मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी त्यांच्याच काळात सुरू झाली. मे 2025 मध्ये तीच केंद्रं चालवणाऱ्या बाया बिलं थकल्याची तक्रार करत होत्या. उसनवारीवर डाळ-तांदूळ आणून किती दिवस थाळी वाढायची? मंत्र्यांनी पहिली सही त्या बिलांवर करावी.

आणि त्याच मे महिन्यात अवकाळीनं कांदा झोडपला. शेतात काढून ठेवलेला भिजला, चाळीत भरलेला सडला. लासलगाव भुजबळांच्याच मतदारसंघात आहे. तेव्हाचे कृषिमंत्री कोकाटे शेजारच्या सिन्नरचे, दोघंही एकाच पक्षाचे. दोघांचं आपसात पटत नाही हे जिल्हा जाणतो. त्याच्याशी कांदेवाल्याला काय करायचंय?

भुजबळसाहेब, सत्काराचे हार पुरे झाले. लासलगावच्या लिलावात या, कोकाटेंना सोबत घेऊन या, आणि बोलावणं आलं तेव्हा काय ठरलं ते तिथं, सगळ्या जातींच्या शेतकऱ्यांसमोर, सांगा. आणि वाचकहो, कुठल्याही निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला जात सांगण्याआधी पंचनाम्याचं काय झालं ते विचारा.