आठ चौरस फूट हवा

आमच्या घराच्या खिडक्या बदलायला हव्यात, हे घरातल्या सगळ्यांना सहा वर्षांपासून मान्य होतं. मान्य असलेल्या गोष्टी आमच्याकडे कधी होत नाहीत. सागवानी चौकटी, सागवानी झडपा, बाबांनी १९८७ साली बसवून घेतलेल्या. जूनमध्ये त्या फुगत, मग दसऱ्यापर्यंत बंद करायला खांदा लावावा लागे. एका तावदानाची लांबी वाळून गळून गेली होती, त्यामुळे वारा सुटला की काच थंडी भरल्यासारखी कडकडायची. यंदा मार्चमध्ये चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात वाळवीची मातकट रेघ दिसली आणि सहा वर्षांची चर्चा एका दिवसात संपली.

"तीन कोटेशनं घे," भाऊ फोनवरून म्हणाला. तो नाशिकला राहतो, त्यामुळे त्याला सगळं सोपं दिसतं. कोटेशनला मराठीत दरपत्रक असा चांगला शब्द आहे, पण तो उच्चारला की डोळ्यांपुढे लाखेची सीलं आणि कार्यकारी अभियंते उभे राहतात. चार खिडक्यांना कोटेशन पुरे. पुण्यात एप्रिल उजाडला की सगळ्यांना एकदमच पाऊस आठवतो आणि खिडक्या करणारा माणूस लग्नसराईतल्या भटजींसारखा होतो, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. फोन उचलला गेला तरी आपलं भाग्य.

पहिले गृहस्थ आले, चप्पल काढता काढताच खिडकीकडे बघून म्हणाले, "हे कोणी केलंय?"

कुठलाही कारागीर कामाची सुरुवात याच वाक्याने करतो. नळवाला, रंगारी, दाताचे डॉक्टरसुद्धा. आधीच्या माणसाला नालायक ठरवल्याशिवाय पुढच्याची टेप उघडत नाही. पण इथे उत्तर आईने दिलं. "ह्यांनी," ती म्हणाली आणि भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. गृहस्थांनी फोटो पाहिला, हार पाहिला. "लाकूड मात्र एक नंबर आहे हां आजी," ते घाईने म्हणाले. ते खरंच असणार. कारण जुन्या खिडक्या काढायचे ते पैसे लावणार नव्हते. फक्त 'सामान' घेऊन जाणार होते. जुन्या सागवानाला बाजारात काय भाव येतो, हे मला पुढे शेजाऱ्यांकडून कळलं.

दुसरा मुलगा यूपीव्हीसीवाल्यांकडून आला. इस्त्रीचा शर्ट, बॅगेत खिडकीचा कापलेला कोपरा. आत कशी लोखंडी पट्टी आहे, सांधा कसा वितळवून जोडलाय, रबर कसं दुहेरी आहे, हे त्याने इतकं मनापासून सांगितलं की आपल्याला खिडकी नको असली तरी एक कोपरा विकत घ्यावा असं वाटलं. कोपरा तो विसरून गेला. आई त्याला टेकवून मोबाईलवर कीर्तन बघते.

तिसरे स्कूटरवरून आले. शर्टाच्या खिशात टेप, कानावर पेन्सिल. बोलले काहीच नाहीत. प्रत्येक खिडकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा घेतली, मग दोन्ही कर्ण मोजले आणि विजेच्या बिलाच्या पाकिटावर इंच-सुतात लिहिलं. शेवटी म्हणाले, "काका, तुमची भिंत गुण्यात नाही." अडतीस वर्षं या भिंतीला टेकून बसलोय. पण हे कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

आता गंमत अशी, की तिघांनी मोजल्या त्या चार खिडक्या त्याच होत्या. मी स्वतः मोजल्या, तर एकेक ४६ इंच बाय ५० इंच, म्हणजे सोळा चौरस फूट. पहिल्यांच्या कागदावर ती चार बाय साडेचार होऊन अठरा झाली होती, मुलाच्या कागदावर सतरा. विचारलं तर पहिले म्हणाले, "सेक्शन बारा फुटी येतो काका, कटिंगमध्ये वाया जातं, धंद्यात असंच धरतात." असेलही. पण चार खिडक्यांचा हिशेब केला, तर आमच्या घरात आठ चौरस फूट खिडकी अशी निघाली, की जी भिंतीत नव्हतीच. ४८० च्या दराने ३,८४० रुपयांची हवा.

त्यात त्यांची जाळी वेगळी. मुलाचं सगळं आत, पण दर ८५०, आणि वर १८ टक्के जीएसटी धरला की आकडा ६८,२०४ वर जाई. तिसऱ्यांचा दर ५६०, माप खरं, आणि पाकिटावर शेवटची ओळ होती, 'बाकी बघू'. तीन कोटेशनांची तुलना करा म्हणणाऱ्याने आंबा, आंब्याचा फोटो आणि कैरी यांची तुलना करून दाखवावी.

निर्णय मात्र बाल्कनीत झाला. तिथे आधीच एक स्लायडिंग आहे आणि पावसात तिच्यातून घरात पाणी येतं. तिसरे वाकले, खालचा ट्रॅक बोटाने चाचपला आणि म्हणाले, "हे कोणी केलंय?"

खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, साचलेलं पाणी निघून जायला. त्यातून मुंग्या येतात म्हणून कोणीतरी ती सिलिकॉनने नीट, प्रेमाने बुजवली होती.

"मी," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. स्क्रू-ड्रायव्हरने चारही भोकं मोकळी केली, पैसे घेतले नाहीत. काम त्यांना दिलं. ॲडव्हान्स निम्मा.

छिन्नीने चौकटी निघाल्या त्या दिवशी कळलं, की काच 'टफनला' गेलीय. ती काच भट्टीत तापवून झटकन गार करतात, आणि एकदा तशी झाली की नंतर सूतभरही कापता येत नाही. म्हणून घाई करू नये, हे मला पटलं. पण दोन रात्री भिंतीला नुसतं भोक होतं आणि त्यावर निळी ताडपत्री. संध्याकाळी आईने ती गुंडाळून वर बांधायला लावली आणि खुर्ची ओढून बसली. गज नाही, झडप नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी हात केला. ओळख अशी नव्हती, हिनेही केला.

तिसऱ्या दिवशी खिडक्या बसल्या. गुळगुळीत, एका बोटाने सरकणाऱ्या. आईने डावं शटर उजवीकडे नेलं, ते उजव्याच्या मागे जाऊन बसलं. मग उजवं डावीकडे आणलं, डावी बाजू झाकली. असं तिने दोनदा केलं.

"म्हणजे एका वेळी अर्धीच उघडते होय रे?"

हे एकाही कोटेशनमध्ये नव्हतं. मी जाळी दाखवली, लॉक दाखवलं. तिने मान हलवली आणि खुर्ची हातभर डावीकडे सरकवून घेतली.