अलिबागला रेल्वे न नेण्याची शास्त्रोक्त रीत

'मी काय अलिबागवरून आलोय का?' असे मराठी माणूस दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला विचारतो. या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि न्यायालयाने ती फेटाळली. निकाल रास्तच म्हणायचा. पण वाहतूकशास्त्राच्या अंगाने पाहिले तर मुख्य मुद्दा राहूनच गेला. समजा माणूस खरोखरच अलिबागवरून आला, तर आला कशाने? एसटीने आला असेल, मांडव्याच्या लाँचने आला असेल, मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून आला असेल. रेल्वेने आला नाही, एवढे मात्र कोर्टात शपथेवर सांगता येईल. जिल्ह्याचे मुख्यालय असून या गावाला प्रवासी रेल्वे नाही आणि याला बरेच जण अन्याय म्हणतात. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. संगणकावरच्या वाहतुकीच्या खेळात ज्याला कार्यक्षम रेल्वेचे जाळे विणायचे आहे, त्याने रायगडचा किनारा गुरुस्थानी मानावा, कारण खेळातले पट्टीचे खेळाडू रात्री जागून जे शिकतात ते इथे जमिनीवर आधीच आखून झाले आहे. ते शिक्षण एका वाक्यात सांगता येते: माणसे टाळावीत.

खेळाची ओळख करून देणे भाग आहे. ख्रिस सॉयर यांनी 1994 मध्ये 'ट्रान्सपोर्ट टायकून' आणला. पुढे 2004 पासून हौशी मंडळींनी त्याचीच 'ओपनटीटीडी' नावाची फुकट आवृत्ती चालवली आणि ती आजही वाढते आहे. त्यात उंचीचा नकाशा चित्र म्हणून आत घेता येतो. तेव्हा माथेरानच्या कड्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा सगळा मुलूख पडद्यावर घ्यावा आणि कामाला लागावे. सातबारा नाही, ग्रामसभा नाही, वहिवाटीचा वाद नाही. नगरपालिका आहे, पण तिचा स्वभाव सरळ आहे: झाडे तोडली की रागावते, झाडे लावली की खूश होते, आणि लाच देण्याची सोय यादीत उघडपणे छापलेली आहे. लाच पकडली गेली तर मात्र गावातली पत पार धुळीला मिळते. (खेळ वास्तववादी नाही असे म्हणतात ते बहुधा एवढ्याच बाबतीत.)

आता भाड्याचा हिशेब. मालाचे पैसे मिळतात ते दोन स्टेशनांमधल्या चौकटी मोजून, आडव्या अधिक उभ्या. रूळ किती वळसे घेत गेले याला खेळ दमडी देत नाही. उलट वळशात दिवस गेले की भाडे उतरते. हे सूत्र घेऊन किनाऱ्याकडे पाहावे. रेवस आणि करंजा समोरासमोर, मध्ये धरमतरची खाडी. पुढे रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी, त्याच्या पुढे राजपुरीची. आगरदांड्याहून दिघी डोळ्यांना दिसते, पण जमिनीवरून जायचे तर अर्धा तालुका पालथा घालावा लागतो. म्हणजे किनाऱ्याने रूळ टाकले तर पैसे सरळ अंतराचे मिळणार आणि वेळ वळशाचा जाणार. पूल बांधावा म्हणाल, तर खेळात पूल एका टिचकीत होतो. प्रत्यक्षात मात्र रेवस–करंजा पुलाची चर्चा चार दशके चालली. शहाणा खेळाडू म्हणून आत सरकतो. कोकण रेल्वेचा मार्गही रोहे, कोलाड, माणगाव असा आतून जातो. तिच्या नावात कोकण आहे, पण रायगड जिल्ह्यात तिला समुद्र म्हणावा असा दिसत नाही. रोह्यापासून ठोकूरपर्यंत 741 किलोमीटरचा हा मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण खुला झाला. त्याचा चढ दीडशेला एक याहून कडक ठेवायचा नाही असे ठरले होते, म्हणून नव्वदहून अधिक बोगदे खणावे लागले आणि दोन हजारांच्या घरात पूल बांधावे लागले. खेळातही हेच करावे. चढावर मालगाडी धापा टाकू लागली की तिच्या मागे बाकीच्या सगळ्या गाड्यांची दिंडी लागते.

मग या रुळांवरून काय न्यावे? माल. माल कुरकुरत नाही, खिडकीची जागा मागत नाही, 'पुढचं स्टेशन कुठलं?' असे विचारत नाही. रायगडमध्ये हे तत्त्व थळला पाहावे. थळ-वायशेतला खताचा मोठा कारखाना झाला, त्याच्यासाठी पेणहून थळपर्यंत लोहमार्ग टाकला गेला आणि त्यावरून मालगाड्या जातात. थळ हे अलिबाग तालुक्यातले गाव, अलिबाग शहरातून रिक्षाने जाण्याइतके जवळ. म्हणजे रेल्वे अलिबागपर्यंत आलेली नाही असे म्हणणे खोटे आहे. रेल्वे आली आहे, फक्त ती युरियासाठी आली आहे. याच मार्गावर प्रवासी गाडी सोडावी ही मागणी वर्षानुवर्षे होते. खेळाडूने अशा मागणीला बळी पडू नये. 'पूर्ण भरल्याशिवाय हलू नये' अशी आज्ञा खेळात प्रत्येक गाडीला देता येते; खताच्या कारखान्यावर ती सोन्यासारखी चालते, कारण पोत्याला घाई नसते. अलिबागच्या विक्रम-मिनीडोर रिक्षावाल्यांना ही आज्ञा कोणी शिकवावी लागली नाही. मात्र तिथे पोत्यांऐवजी माणसे बसलेली असतात आणि दहाव्या मिनिटाला चालकाच्या घराण्याचा उद्धार सुरू होतो.

इथे पहिला आक्षेप येतो: खेळातसुद्धा प्रवासी असतात, त्यांचे पैसेही चांगले मिळतात, मग माणसे टाळा म्हणणे कसे टिकते? आक्षेप घेणाऱ्याने खेळातला प्रवासी नीट पाहिलेला नाही. मूळच्या रचनेत त्याला मुक्कामच नसतो. अलिबागला चढला, गाडी नागोठण्याला थांबली, उतरला. पेणला थांबली असती तर तिथेही उतरला असता. त्याला कोर्टात तारीख नाही, कॉलेज नाही, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आई नाही. खेळाची कार्यक्षमता या एका गृहीतकावर उभी आहे. पुढे प्रत्येक प्रवाशाला ठरलेल्या गावी जायचेच असेल अशी एक जादा सोय खेळात आली, आणि ती चालू केली की उत्तम चाललेली जाळी तुंबतात: एका गाडीत म्हसळ्याची माणसे, दुसरीत रोह्याची, आणि बदलीच्या स्टेशनावर हजारोंची गर्दी. याचा अर्थ अभ्यासूंनी असा घ्यावा की जाळ्यात दोष नव्हता, दोष माणसांना कुठेतरी जायचे असते यात होता. ही सोय बंद ठेवावी.

मालातही तारतम्य हवे. पेणचे उदाहरण घ्या. पेणच्या गणेशमूर्ती सगळीकडे जातात, मुंबईत जातात, परदेशी जातात. खेळाच्या भाषेत हा उत्तम माल: एका ठिकाणी तयार होतो, मागणी लांब आहे, किंमत भरपूर. पण खेळाचे मूळचे सूत्र असे की माल उशिरा पोचला तर भाडे उतरत उतरत जाते आणि एका मर्यादेवर थांबते: पूर्ण भाड्याच्या 255 भागांपैकी 31, म्हणजे साधारण आठवा हिस्सा. त्याखाली ते कधीच जात नाही. तेव्हा चतुर्थीला दादरला पोचायची मूर्ती तुम्ही दिवाळीत पोचवलीत तरी मूळचा खेळ शांतपणे आठवा हिस्सा जमा करतो. मूर्तिकारांचा अनुभव याहून वेगळा असल्यामुळेच ते मूर्ती पेंढ्यात गुंडाळून टेंपोत स्वतःच्या नजरेखाली चढवतात. गणपतीचा सणही खेळात नाही. प्रवासी महिन्यामागून महिना त्याच संथ दराने उगवतात. श्रावण संपताच सगळी मुंबई एकाच आठवड्यात, एकाच दिशेने निघाली असे खेळाच्या स्वप्नातही येत नाही. पाऊसही नाही. म्हणून जून ते ऑक्टोबरचे कोकण रेल्वेचे मंद पावसाळी वेळापत्रक, दरडींवरची गस्त, या गोष्टी खेळाडूने पुराणातली वांगी समजून बाजूला ठेवाव्यात.

आता सिग्नल, हा विषय घाईने उरकण्यासारखा नाही. नवखा खेळाडू सिग्नल जिथे मोकळी जागा दिसेल तिथे लावतो आणि तासाभरात दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहतात, दोघीही दुसरीची वाट पाहत. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर दोन एसट्या समोरासमोर आल्या की कंडक्टर खाली उतरतो, शिट्टी वाजवतो, मागची रिक्षा मागे घेतो आणि एक चाक कोणाच्या तरी कुंपणात घालून गाडी निसटते. खेळात कंडक्टर नाही. म्हणून नियम असा: गाडी जिथे थांबली तर कोणाचीच वाट अडणार नाही, तिथेच सिग्नल लावावा, सांध्याच्या पोटात कधीही लावू नये, आणि सांधा ओलांडल्यावर अख्खी गाडी मावेल एवढी जागा मोकळी ठेवावी.

एकेरी मार्गाचे गणितही बोटांवर करून पाहावे. दोन क्रॉसिंग स्टेशनांत 12 किलोमीटर अंतर आहे आणि गाडी ताशी 60 किलोमीटरने धावते असे धरले, तर एका गाडीला 12 मिनिटे. मार्ग मोकळा होऊन समोरची सुटायला आणखी 3. पंधरा मिनिटांना एक गाडी, दिवसाला फार तर 96. मधोमध एक लूप टाकला की 6 अधिक 3, नऊ मिनिटे, म्हणजे 160 गाड्या. एका लूपने एवढा फरक पडतो! वीरच्या पुढे सापे-वामनेला क्रॉसिंगची सोय झाली ती याच गणितापोटी. पण मार्गावरचा एकच तुकडा जरी 12 किलोमीटरचा राहिला तर सगळा मार्ग पुन्हा 96 वर येतो, कारण वाहतूक सगळ्यात अरुंद गळ्यातूनच गिळावी लागते. ऑगस्ट 2021 मध्ये रोहे ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा टप्पा दुहेरी झाला. वीरपर्यंत दोन मार्ग, पुढे एक. यावर टीका होते की बाटली रुंद केली आणि मान तशीच ठेवली. टीका अर्धी खरी आहे. वीरच्या अलीकडे आता गाड्या एकमेकींसाठी थांबत नाहीत, त्यामुळे वाचलेला वेळ खरा आहे. फक्त तो पुढे क्रॉसिंगला उभे राहून खर्च करण्याची मुभा प्रवाशांना मिळाली आहे.

कोलाडचा धडा मात्र खेळात कुठेच सापडणार नाही. खेळात ट्रक हा रेल्वेचा वैरी. त्याला हरवण्यासाठी खेळाडू जिवाचे रान करतो. कोकण रेल्वेने 26 जानेवारी 1999 पासून भरलेले ट्रक चालकासकट सपाट वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला न्यायला सुरुवात केली. चालक ट्रकच्या केबिनमध्ये पाय वर घेऊन बसतो आणि महामार्गावरचा घाट शेजारून निघून जातो. वैऱ्याकडूनच भाडे घेण्याची ही युक्ती इतकी मोलाची आहे की तीस वर्षांत खेळ बनवणाऱ्यांना ती सुचली नाही.

उरणचे नाव काढून आक्षेप घेणारे आहेतच. उरणला लोकल आली ना, मग अलिबागने काय घोडे मारले? तारखा पाहाव्यात. न्हावा-शेव्याचे बंदर 1989 मध्ये सुरू झाले. उरणपर्यंत लोकल धावली 12 जानेवारी 2024 रोजी. आधी मालाचे डबे, मग माणसे. तत्त्व तेच, फक्त चिकाटीने पाळलेले. पस्तीस वर्षे फार झाली असे वाटत असेल तर खेळाचे घड्याळ पाहावे: तिथे एक वर्ष बारा-तेरा मिनिटांत सरते, म्हणजे हा सगळा काळ एका रात्रपाळीचा. अलिबागला समुद्राचा मार्ग आहे, असेही सांगितले जाते. खेळातही बोटी स्वस्त असतात आणि एकमेकींच्या आरपार जातात, त्यामुळे हजार बोटी एकाच धक्क्यावर लावता येतात. गेटवे–मांडवा लाँचला ही कला साधलेली नाही, आणि पावसाळ्यात ती बंदच असते; 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसुद्धा नेणारी रो-रो आहे, ती मोटार असणाऱ्यांना फार सोयीची.

राहता राहिला शेवटचा आणि वरवर बिनतोड वाटणारा आक्षेप: मागणी आहे, लोक थांबलेले आहेत, मग गाडी का नको? इथे खेळाचा सगळ्यात खोल नियम मदतीला येतो. नवे स्टेशन बांधले म्हणून तिथे लगेच प्रवासी जमत नाहीत. पहिली गाडी येऊन थांबून चढवायला तयार झाल्याशिवाय फलाटावर एक माणूससुद्धा दिसत नाही. आकडा शून्य असतो आणि शून्यच राहतो. म्हणजे गाडी नसेल तर मागणी नाही, आणि मागणी नसेल तर गाडी कशाला, हे वर्तुळ कुठल्याही सांध्याविना पूर्ण होते. खेळाडूने नवीन मार्गाचा विचार करण्याआधी स्टेशनावर टिचकी मारून थांबलेल्यांचा आकडा जरूर पाहावा. अलिबागच्या फलाटावर आजवर एकही प्रवासी ताटकळल्याची नोंद नाही.